सोमवार माझा

आई, आपल्या शाळेला घोडनदीत कुणी चांगलं म्हणत नव्हतं. सरकारी कागदावर गावाचं नाव शिरूर, पण तुझ्या तोंडी कायम घोडनदीच, म्हणून मीही तेच लिहिते. पेठेतले दुकानदार आपली मुलं पुण्याला मामाकडं नाहीतर आत्याकडं ठेवायचे आणि म्हणायचे, इथं शिकून पोरगं परत दुकानातल्या काट्यावरच बसायचं. मळेवाले म्हणायचे, मास्तरांचा धाक नाही, आणि मास्तरांनी धाक दाखवला की तेच भांडायला यायचे. पोरांचं म्हणणं, उन्हाळ्यात पत्रा तापतो, पावसाळ्यात वाजतो आणि मधल्या दिवसांत गणिताचे सर फळ्याशीच बोलतात. फक्त आपल्या वस्तीत शाळेला नावं ठेवायची रीत नव्हती. आप्पा दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये कामाला. सुट्टी मिळाली की एसटीनं यायचे आणि आल्या आल्या माझं दप्तर मांडीवर घेऊन बसायचे. मी कुरकुर केली की म्हणायचे, "शाळा म्हंजी शाळा. तिच्यात वाईट आन् चांगली असं नसतंय." तू काहीच म्हणायची नाहीस. चौथीतून तुला काढली होती. दुष्काळात तू रस्त्याच्या कामावर खडी फोडलीस, दुष्काळ सरल्यावर नदीकाठच्या मळ्यात खुरपायला जायला लागलीस, आणि माझ्या शाळेबद्दल तुझे दोनच प्रश्न असायचे. सकाळी "निघालीस का?" आणि संध्याकाळी "आलीस का?"

मी नववीत होते तेव्हा नवे हेडसर आले. उंच, सावळे, नगरकडचे. सायकलवरून यायचे आणि सायकल स्वतःच्या हातानं पुसायचे. पावसाळा संपत आला होता तेव्हा एका दुपारी ते आमच्या वर्गावर आले आणि म्हणाले, शनिवारी पालकांची सभा घेतोय, त्याआधी तुमचं मत पाहिजे. ही शाळा कशी वाटते ते उभं राहून सांगा, कुणाला शिक्षा होणार नाही. असं आम्हाला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पोरं आधी एकमेकांना कोपरानं ढोसत राहिली, मग एकजण उठून म्हणाला, फुटबॉल फाटलाय. दुसरा म्हणाला, सायकली उन्हात राहतात, ट्यूब फुटतात. मागून कुणीतरी न उठताच म्हणालं, इंग्रजीचे सर तासाला डुलक्या घेतात, आणि सगळा वर्ग फुटला. हेडसर रागावले नाहीत. ते आमच्याकडं वळले. आम्ही मुली पुढच्या बाकांवर, पायाच्या अंगठ्याकडं बघत बसलेल्या. "मुलींचं काय? तुम्हाला शाळेत काहीच कमी वाटत नाही?" आम्ही माना हलवल्या. मी तर बोललेसुद्धा, "न्हाई सर, काय न्हाई." माझ्या शेजारी शाळा समितीच्या अध्यक्षांची मुलगी बसायची, माझी मैत्रीण. तिनं बाकाखाली माझा हात गच्च धरला होता. तिचं पोट सकाळपासून दुखत होतं.

त्या संध्याकाळी तू चुलीपुढं बसली आहेस. तव्यावर भाकरी, परातीत दुसरीचं पीठ, तुझ्या कपाळावर केस चिकटलेले. मी उंबऱ्यात बसून तुला वर्गातली गंमत सांगतेय, इंग्रजीच्या सरांची डुलकी काढून दाखवतेय, आणि सांगता सांगता म्हणते, हेडसरांनी आम्हालाबी विचारलं, आम्ही म्हणालो काय न्हाई. तुझा हात पिठातच थांबतो.

"काय न्हाई?"

"न्हाई म्हंजी, काय मागायचं?"

"मग घरी आल्या आल्या दप्तर दारात टाकून बाभळीकडं का पळतीस? सकाळचा च्या अर्धा का ठिवतीस? महिन्याचं चार दिस शाळा का बुडवतीस?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. तू ती उलटलीस, करपलेल्या बाजूकडं बघत राहिलीस आणि म्हणालीस, "शनिवारी म्हनलीस न्हवं सभा? येते मी." मी म्हणाले, आई, तिथं बायका नसत्यात. तू म्हणालीस, "पोरी असत्यात ना?"

आता मागं वळून बघते तेव्हा मलाच नवल वाटतं, की इतकी वर्षं शाळेत जाऊन आम्ही ही गोष्ट आपसातसुद्धा कधी बोललो नव्हतो. पोरांना शाळेमागची बाभळीची रानं मोकळी होती. मुलींना काहीच नव्हतं. ज्यांची घरं जवळ त्या मधल्या सुट्टीत पळत घरी जायच्या, आणि आम्ही लांबच्या, वस्तीवरच्या आणि खेड्यांतून एसटीनं येणाऱ्या, सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. त्याला शाळा म्हणतात असंच आम्हाला वाटायचं. दुपारनंतरचा भूगोल मला कधी आला नाही याचं खरं कारण भूगोलाचे सर नव्हते.

सभेच्या दिवशी तू अर्धा दिवस खाडा केलास. हिरवं लुगडं नेसून आलीस, जे फक्त बाबासाहेबांच्या जयंतीला नेसायचीस. मैदानात निंबाखाली सतरंजी घातलेली, तीवर पुरुष. कडेला आपल्या वस्तीतल्या दोघीतिघींबरोबर तू. आम्ही मुली मागं व्हरांड्यात, कारण स्वागताचं गाणं आमचं होतं. खुर्चीवर अध्यक्ष बसलेले. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. नदीकाठचा मळा त्यांचा, तू खुरपायला जायचीस तो. शाळेच्या फाटकाजवळ त्यांनी विटांचा मोठा ढीग आणून टाकला होता, वडलांच्या नावानं शाळेला कमान बांधायची म्हणून.

हेडसर म्हणाले, "गोड बोलू नका. शाळेबद्दल खरं जे वाटतं तेच बोला." एकजण उठला, इंग्रजीत पोरं नापास होत्यात. दुसरा म्हणाला, पोरांना मारा, हाडं आमची, कातडं तुमचं. लोक हसले. एकानं मास्तरांच्या सुट्ट्यांचा विषय काढला. मग जरा वेळ कुणी उठेना, आबा घड्याळाकडं बघायला लागले, आणि तू उठलीस. पदर डोक्यावर घेतलास. तुझा आवाज सुरुवातीला इतका बारीक होता की हेडसर म्हणाले, जरा मोठ्यानं.

"मास्तर, माझी पोरगी शाळंत यायचं म्हनून सकाळपासनं पानी पीत न्हाई. का, तर हितं पोरींना बसायला जागा न्हाई. पोरांना बाभळी हायत. पोरींनी कुठं जायाचं?"

कुणीतरी फिसकन हसलं. कुणी खाकरलं. सतरंजीवरची निम्मी डोकी मागं वळली आणि व्हरांड्यात मला शोधायला लागली. मी खांबाच्या आड झाले, पण खांब तो केवढा. आबांचा चेहरा लाल झाला होता. रागानं की संकोचानं, ते मला अजूनही ठरवता येत नाही.

"बाई, ही सभंत बोलायची गोष्ट हाय का? बायकांनी बायकांत बोलावं."

"बायकांत बोलून झालं, आबा," तू म्हणालीस. "बायकांकडं विटा न्हाईत."

आता कुणी हसलं नाही. सगळे फाटकाकडं बघायला लागले. आबांनीही बघितलं. माणूस वाईट नव्हता गं तो. चारचौघांत मागितलेलं नाकारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, "बरं. घ्या विटा. कमान पुढच्या साली बांधू." हेडसरांचा चेहरा उजळला. आणि लगेच आबा पुढं म्हणाले, अगदी साध्या सुरात, जशी सगळ्यांनाच माहीत असलेली गोष्ट सांगावी तसे, "पर बांधल्यावर साफ कोन ठिवनार? तू ठिवशील न्हवं? तुझी तयारी आसंल तर सोमवारीच गवंडी लावतो."

मला त्या क्षणी वाटलं, झालं, आता ही हो म्हणणार आणि सुटलो. व्हरांड्यातल्या सगळ्यांनाच तसं वाटलं असणार. आपण बौद्ध होऊन, आजीनं झाडलोटीची, ढोरं ओढायची गावकीची कामं टाकून फार वर्षं झाली नव्हती, आणि गावाच्या डोक्यातून ती कामं अजून आपल्याच नावावर होती. तू पदर खोचलास. मग म्हणालीस, "माझी पोरगी एक हाय. तिच्या वाटचं मी धुईन. सोमवार माझा. बाकीचे वार ज्यांच्या पोरी त्यांच्या आयांचे."

निंबाखाली एसटी स्टँडवरची घंटी ऐकू आली. हेडसरांनी विचारलं, "बाकीचे वार कोण घेतं?" कोण घेणार, ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं त्या बायका घरी होत्या. हेडसर हट्टी होते. म्हणाले, "ठीक आहे. सोमवार यांचा. विटा मिळाल्यात, बांधायला घेऊ. बाकीचं नंतर ठरेल." आबा उठून गेले. स्वागताचं गाणं झालं होतं, आभाराचं राहूनच गेलं.

त्यानंतरचे दिवस मी तुझ्याशी बोलत नव्हते. शाळेत पोरांनी माझं नाव "सोमवार" ठेवलं. मी फाटकातून आत आले की कुणीतरी ओरडायचं, "सोमवार आला रे!" आणि गुरुवार असला तरी सगळे हसायचे. इकडं मळ्यावरून तुला बोलावणं यायचं बंद झालं. कुणी काही म्हणालं नाही, फक्त सकाळी खुरपणाऱ्या बायका निघायच्या तेव्हा आपल्या दारात थांबायच्या नाहीत. तू लांबच्या लिंबाच्या बागेत काम शोधलंस, तांबडं फुटायच्या आत निघायला लागलीस. तरी तू मला एकदाही म्हणाली नाहीस की तुझ्यापायी झालं. मीच मनात म्हणत होते, हिच्यापायी झालं.

आप्पा आले तेव्हा त्यांच्या कानावर सगळं गेलेलंच होतं. ते तुझ्यावर ओरडले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, "तुला काय गरज व्हती बोलायची? पोरीचं नाव झालं गावात."

"नाव झालं तर होऊंदे. पोरीचं प्वाट दुखायचं थांबलं पायजे."

"त्यापरीस मी हिला दौंडला नेतो. रेल्वे कॉलनीजवळ शाळा हाय, पोरींना समदी सोय हाय."

तू माझ्याकडं बघितलंस. मी भाकरीकडं बघितलं. म्हणालीस, "बघून तर येऊंदे तिला."

दौंडचा तो दिवस मला अजून दिसतो. इंजिनांच्या वाफेचा वास, आप्पांच्या खोलीत तीन माणसांच्या तीन खाटा, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली खिळ्याला टांगलेला आप्पांचा कंदील. आप्पा धुतलेला शर्ट घालून मला ती शाळा दाखवायला घेऊन गेले, जसा कुणी आपली जमीन दाखवतो. खरंच छान शाळा होती. भिंतींना चुना, नळाला पाणी, आणि मागं मुलींसाठी वेगळी इमारत. मी आत गेले, दाराला कडी लावली आणि उगीचच उभी राहिले. बाहेर आले तर आप्पा लांब तोंड फिरवून उभे होते, पण विचारलंच त्यांनी, "बरी हाय न्हवं?" मी हो म्हणाले. परत येताना एसटीत मी ठरवूनच टाकलं की दिवाळीनंतर इकडंच यायचं, सोमवार म्हणणाऱ्या त्या पोरांचं तोंडसुद्धा बघायचं नाही. तुला सांगितलं तेव्हा तू चुलीत लाकूड सारत म्हणालीस, "जा की. पर सुट्टी संपल्यावर एक म्हैना थांब. तवर बांधून हुतंय. न्हाई जमलं तर जा."

दिवाळीच्या सुट्टीत संडास बांधून झाला. शाळेच्या मागच्या भिंतीला धरून दोन खोल्या, पुढं आडभिंत, वर पत्रा, हौदापासून जवळ. शाळा उघडली त्या पहिल्या सोमवारी प्रार्थनेच्या आधी तू आलीस. बादली, खराटा, फडक्यात बांधलेली राख. कामावर जाता जाता आली होतीस, म्हणून भाकरीचं गठुडंही काखेत होतं. मी फाटकाशी उभी राहून तुला बघितलं आणि ओळख न दिल्यासारखी वर्गात गेले. तू धुतलंस, हौदावर हातपाय धुतलेस आणि गेलीस. मंगळवारी कुणी आलं नाही. बुधवारी नाही. शनिवारपर्यंत तिथं जाववेना. मुली नाक धरून परत यायच्या, आणि पेठेत बोललं जायला लागलं की सांगितलं होतं, अशानं शाळेची घाण होणार. पुढच्या सोमवारी तू सगळ्या आठवड्याचं धुतलंस, एक अक्षर न बोलता. आणि मंगळवारपासून परत तेच.

त्या रविवारी हेडसर आपल्या घरी आले. त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या, हे शेजारच्या आजीनं नंतर किती दिवस सगळ्यांना सांगितलं. घोंगडीवर बसले. तू गुळाचा चहा केलास. ते कपाकडं बघत बोलत होते, त्यांनाच अवघड वाटत होतं. "तुम्ही सुरुवात केलीत. आणखी थोडे दिवस रोज आलात तर... शाळा त्याचं काहीतरी देईल. मग हळूहळू बाकीच्या बायका येतील."

"मास्तर, तुम्ही च्या घ्या," तू म्हणालीस. "पर हे सांगू नका. मी मंगळवारी आले की बुधवार बी माझाच. मग माझ्या पोरीचा बी तोच, आन् तिच्या पोरीचा बी. त्यातनंच उठून आलोय आम्ही. माझ्या सासूनं उपाशी ऱ्हाऊन ते टाकलं. मी पैशासाठी परत घिऊ का?"

"मग मुलींनी काय करायचं?"

"घान हुईल. होऊंदे. ज्यांच्या पोरी त्यांना वास आला पायजे."

हेडसरांनी चहा संपवला. उठताना त्यांनी तुला नमस्कार केला. मी मात्र आतून धुमसत होते. इतकं झालंय तर धुवून टाकायचं, काय जातं हिचं, असं मला वाटत होतं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला वास कळतो, बाकीचं कळायला वेळ लागतो.

मग माझी मैत्रीण शाळेत यायची थांबली. ताप, पोटात कळा. तिसऱ्या दिवशी कळलं की आबा म्हणतायत, आता बास झाली शाळा, चांगलं स्थळ आलंय. आणि त्याच आठवड्यात एका दुपारी, तू बागेतून लवकर परतली होतीस आणि आपण दोघी दारात शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा मैत्रिणीची आई आपल्या वस्तीत आली. एकटी. तिला तिथं मी कधीच बघितलं नव्हतं. सगळी वस्ती दारांत येऊन उभी. ती आपल्या अंगणाच्या कडेला थांबली, आत यावं की नाही हे तिला कळत नव्हतं.

"डाक्टर म्हनतो पानी पाज," ती म्हणाली. "म्या समजत व्हते पोरगी सोमवार-गुरुवार उपास धरती. ती पानीच पीत नव्हती गं."

तू म्हणालीस, "बसा, वैनी."

ती बसली नाही. "तू आनखी दोन दिस गेलीस तर? तुला काय पायजे ते घरनं पोचवते. कुनाला कळू देत न्हाई."

"मी सोमवारी जाते," तू म्हणालीस. आवाज चढवला नाहीस. "तुम्ही कवा येताय?"

मला वाटलं, आता ही तोंडाला येईल ते बोलेल. पण तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "मला तरी कुठं शिकू दिलं? तुझ्यासारखीच चौथीतनं काढली." आणि वळून निघून गेली. तू परत शेंगा फोडायला लागलीस. तू दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत टाकत होतीस, हे फक्त मला दिसलं.

गुरुवारी सकाळी आम्ही वर्गात होतो. प्रार्थना झाली होती, मराठीचा तास सुरू होता. खिडकीजवळच्या मुलीनं हळूच म्हटलं, "ते बघ." मैदानातून मैत्रिणीची आई येत होती. डोक्यावर पदर, नाकात नथ, एका हातात घरची पितळी बादली, दुसऱ्या हातात खराटा. आबांच्या घरची बाई एरवी कुठं चालत जात नसे, बैलगाडी नाहीतर जीप. ती मैदान ओलांडून सरळ शाळेच्या मागं गेली. मागच्या बाकावरच्या ज्या पोरानं माझं नाव ठेवलं होतं तोसुद्धा उभा राहून बघत होता, आणि सर त्याला खाली बस म्हणायचं विसरले होते. पाण्याचा आवाज आला. खराट्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं ती परत आली तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं आणि ती कुणाकडंही न बघता, पण ताठ मानेनं गेली.

त्यानंतर सगळं एकदम छान झालं असं नाही. मला खोटं लिहायचं नाही, तुलाही ते आवडणार नाही. आबा आठवडाभर घरात बोलले नाहीत, असं मैत्रिणीनं सांगितलं. पण ती शाळेत परत आली, मॅट्रिकपर्यंत स्थळाचं नाव निघालं नाही, आणि मळ्यावरून तुला पुन्हा बोलावणं आलं ते मालकिणीकडूनच. आम्हाला शिवण शिकवायला येणाऱ्या बाईंनी शुक्रवार घेतला. पेठेतल्या दोघी मंगळवारी यायला लागल्या, एकमेकींच्या सोबतीनं, तोंडावर पदर घेऊन. शनिवारी कधी कुणी यायचं, कधी नाही. बुधवार शेवटपर्यंत कुणाचाच झाला नाही. बुधवारी आम्ही मुलीच बादल्या घ्यायचो, आणि खरं सांगू, त्या दिवशी इतका दंगा व्हायचा, इतकं पाणी उडायचं, की पोरं लांबून हेव्यानं बघायची. मी हौदाचं पाणी ओंजळीनं प्यायले तो पहिला दिवस बुधवारच होता. थंडीचे दिवस, पाणी दातांना झोंबत होतं, आणि मैत्रीण म्हणाली, "पी अजून, पी," आणि तीही प्यायली.

महिना झाल्यावर आप्पा मला न्यायला आले. त्यांनी दौंडच्या मावशीच्या घराशेजारी माझ्यासाठी खोली बघितली होती, कुणाकडून तरी एक लोखंडी खाट मागून आणून तिथं लावलीसुद्धा होती. मी म्हणाले, आप्पा, मला न्हाई यायचं. त्यांनी तुझ्याकडं बघितलं, तू खांदे उडवलेस. आप्पांचा चेहरा इतका पडला की मला वाईट वाटलं. म्हणाले, "आन् त्या खाटंचं काय करू?" मग तेच हसायला लागले, आणि तू हसलीस. किती दिवसांनी तुम्ही दोघं एकत्र हसताना मी बघत होते.

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा तू माझ्याबरोबर शाळेत आली होतीस. हेडसरांनी तुला खुर्ची दिली, तू बसलीस, अगदी कडेला. पेढे नव्हते, त्यांनी मागवले. मग विचारलं, "आता सांगा, शाळेबद्दल काय मत आहे तुमचं?" तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, "माझी पोरगी सुटली. आता धाकट्या पोरींना इचारा." ते हसले नाहीत. मान हलवून म्हणाले, "विचारतो." पुढं ते बदलून गेले, कुठं ते कळलं नाही. मैत्रीण राहू गावाला दिली. मी पुण्याला टेलिफोन खात्यात लागले. तू गेलीस तेव्हा माझी धाकटी बोबडं बोलत होती, आता तिची मुलगी नववीत आहे.

मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या नातीचं लग्न होतं, म्हणून घोडनदीला आले होते. कार्यालयातून जरा बाहेर पडले आणि पाय आपोआप शाळेकडं गेले. सगळं नवं आहे, काहीच ओळखू येत नाही. मधली सुट्टी होती. मुली आरशासमोर वेण्या नीट करत होत्या, एकमेकींच्या अंगावर नळाचं पाणी उडवत होत्या. एकीनं मला फाटकाशी बघितलं. "आजी, कुणाला न्यायला आलात?" मी म्हणाले, कुणाला नाही गं, मी इथं शिकले. ती थांबली, डोळे मोठे करून म्हणाली, "व्हय? तवा शाळा कशी होती?"

आई, तुझं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण घंटा झाली, ती पळायच्या बेतात होती. मी म्हणाले, "चांगली होती."

तेव्हापासून त्या एका शब्दाशी भांडतेय, म्हणून हे लिहायला बसले. पत्ता लिहायचा प्रश्न नाही, तुझा पत्ता मला माहीत नाही. पण जे त्या मुलीला सांगितलं ते खोटं नव्हतं. शाळा वाईट होती, सगळे म्हणायचे ते खरंच होतं, आणि तरी तिथं, त्या नववीच्या वर्षीसुद्धा, जितकी सुखी होते तितकी मी पुढं कुठंच नव्हते. तुला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग मी एवढी भांडले कशाला?